स्वतंत्रपूरची गोष्ट कोणाच्या मालकीची?

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे इंजिनियर मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. कैद्यांनी बायकामुलांसह राहावं, शेती करावी आणि माणसात यावं, अशी ही भिंतींवाचूनची वसाहत. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये ती दक्षिण सातारा जिल्ह्यात गेली आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. (त्यामुळे तिच्यावर आमचाही थोडा हक्क आहे असं मी म्हणतो. आमचे सांगलीकर व्याही ऐकून घेत नाहीत.)

या प्रयोगावरून व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' निघाला, १९५७ साली. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, पुढच्या वर्षी बर्लिनलाही गौरव झाला. कथा-पटकथा गदिमांची. गदिमा त्याच आटपाडी तालुक्यातले, आणि शिकायला औंधला होते.

आता मास्तरकीच्या सवयीने विचारतो. मंडळी, ही गोष्ट कोणाची?

स्वतंत्रपूरची म्हणाल, तर घडलेल्या घटनेवर कोणाची मालकी नसते. नुसत्या कल्पनेवरही नसते. 'न्यू देल्ली' या चित्रपटाने आपल्या नाटकाची कल्पना उचलली, अशी तक्रार एका नाटककाराने केली होती. ती सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि १९७८ मध्ये न्यायालयाने हेच सांगितलं, की हक्क कल्पनेवर नसतो, ती ज्या रूपात मांडली त्या मांडणीवर असतो. म्हणजे स्वतंत्रपूर सगळ्यांचं, पण सहा कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा जेलर ही कागदावर उतरवलेली मांडणी लिहिणाऱ्याची. चित्रपट मात्र निर्मात्याचा. एकाच पडद्यावर दोन मालमत्ता!

दोन्हींचं आयुष्यही वेगळं. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो, तर लेखनाचा लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. या हिशोबाने हा चित्रपट २०१७ अखेर मोकळा झाला. गदिमा १४ डिसेंबर १९७७ ला गेले, तेव्हा त्यांच्या लेखनावरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत चालणार. तो कोणाकडे, हे मात्र सही केलेल्या कागदावर ठरतं. लेखक पगारी नोकर असेल, तर पहिला मालक मालकच. एरवी लेखक पहिला मालक, आणि त्याने लिहून दिलं तेवढंच दुसऱ्याकडे जातं. याच चित्रपटावरून १९७५ साली तमिळमध्ये एम. जी. रामचंद्रन यांचा 'पल्लाण्डु वाळ्गा' निघाला. दुसऱ्या भाषेत पुन्हा चित्रपट काढायचा हक्क किती मोलाचा, ते यावरून कळावं.

गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश यांची 'बनगरवाडी' पाहा. १९५५ ची कादंबरी, अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५ चा. चित्रपट आला आणि गेला, पुस्तक आपल्या जागी आहे. मला हा मार्ग अधिक पसंत आहे. आधी पुस्तक छापावं, मग त्यातला चित्रपटापुरता हक्क द्यावा.

हे सगळं आज आठवायचं कारण घरातलंच. तासगावच्या पुतण्याच्या मुलाने पटकथा लिहिली आहे. मुंबईच्या एका कंपनीने तीन पानी करार पाठवला आहे, 'सर्व हक्क, कायमचे, जगभर, सर्व माध्यमांत'. रक्कम बरी आहे, पोरगं हुरळलं आहे.

बाळा, १९७७ मध्येच गीतकार-संगीतकारांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्यांच्या बाजूने निकाल दिला होता. न्या. कृष्ण अय्यर यांना तो कायदा कलावंतांना पुरेसा वाटला नाही, आणि तसं त्यांनी लिहून ठेवलं. दुरुस्ती यायला २०१२ साल उजाडलं. आता चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला लेखकाचा निम्मा वाटा त्याने स्वतः लिहून दिला तरी जात नाही. फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. करारात मुदत नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश नसेल तर भारतापुरता. हक्क घेऊन वर्षभर वापरला नाही तर तो परत येतो. पण शेवटच्या तिन्ही गोष्टी 'करारात वेगळं लिहिलं नसेल तर' बरं का! तुझ्या करारात नेमकं तेच वेगळं लिहिलं आहे.

म्हणून 'सर्व हक्क' खोडून 'या पटकथेवरून एक मराठी चित्रपट' एवढंच लिहायला सांग. कादंबरी, नाटक, दुसऱ्या भाषेतला चित्रपट, पुढचा भाग, हे तुझ्याकडे राहू दे. वर्ष-दोन वर्षांत चित्रीकरण सुरू झालं नाही तर पटकथा परत, हे वाक्य घालून घे. श्रेयनामावलीत नाव कुठे येणार तेही. मुंबईतल्या पटकथाकारांच्या संघटनेत नोंदणी कर. हक्कासाठी ती लागत नाही, पण तारखेचा पुरावा होतो. आणि वकिलाला दाखव. मी इतिहासाचा मास्तर आहे.

मुदत पंधरा दिवसांची आहे म्हणे. त्यातले सहा गेले.