संक्रमणी धातू आणि अल्क धातू : तुलनात्मक गुणधर्म

आवर्त सारणीच्या गण १ मधील लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम व फ्रान्सियम यांना अल्क धातू म्हणतात. ज्यांच्या अणूत किंवा त्यापासून सहज तयार होणाऱ्या आयनात डी-उपकवच अपूर्ण भरलेले असते ते संक्रमणी धातू, उदा., क्रोमियम, मँगॅनीज, लोह, तांबे.

अणुरचना : चौथ्या आवर्तातील पोटॅशियम व तांबे या दोहोंच्या सर्वांत बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो, तरी पोटॅशियम पाण्यात पडताच पेट घेते, तर तांब्याच्या हंड्यात पाणी साठवता येते. तांब्याच्या अणुकेंद्रात १० प्रोटॉन अधिक असतात. त्यांचे आकर्षण डी-उपकवचातील १० इलेक्ट्रॉन पुरेसे झाकू शकत नाहीत, म्हणून बाहेरचा इलेक्ट्रॉन घट्ट धरला जातो. पोटॅशियमची पहिली आयनीभवन ऊर्जा ४१९, तर तांब्याची ७४५ किलोजूल प्रति मोल आहे.

भौतिक गुणधर्म : अल्क धातूंचे अणू मोठे असून धातुबंधासाठी प्रत्येकी एकच इलेक्ट्रॉन मिळतो. त्यामुळे हे धातू सुरीने कापता येतात. पोटॅशियम ६३.५° से.ला वितळते, त्याची घनता ०.८६ ग्रॅम/घ.सेंमी. आहे. संक्रमणी धातूंच्या बंधात डी-इलेक्ट्रॉनही सहभागी होत असल्याने बहुतेक धातू कठीण, जड व उच्च वितळबिंदूचे असतात. तांबे १,०८५° से.ला, तर टंगस्टन ३,४२२° से.ला वितळते. विद्युत्‌वहन मात्र दोन्ही गटांत चांगले असते.

रासायनिक गुणधर्म : पोटॅशियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढण्यास ३,०५२ किलोजूल प्रति मोल ऊर्जा लागते. म्हणून अल्क धातूंची संयुगांतील ऑक्सिडीकरण अवस्था सहसा +१ एवढीच असते. हवा व पाणी यांच्याशी त्यांची तीव्र विक्रिया होत असल्याने सोडियम व पोटॅशियम केरोसिनमध्ये ठेवतात. संक्रमणी धातूंना अनेक अवस्था असतात; मँगॅनीजच्या प्रमुख अवस्था +२ ते +७ आहेत. त्यांची संयुगे बहुधा रंगीत असतात. पोटॅशियम परमँगनेटचा जांभळा रंग मँगॅनीजयुक्त आयनामुळे येतो. पोटॅशियम आयन रंगहीन असतो.

उपयोग : अवस्था बदलण्याच्या क्षमतेमुळे संक्रमणी धातू व त्यांची संयुगे उत्तम उत्प्रेरक ठरतात. सल्फ्युरिक अम्लाच्या निर्मितीत व्हॅनेडियम पेंटॉक्साइड, तर वनस्पती तुपाच्या निर्मितीत निकेल वापरतात. अमोनियानिर्मितीच्या हाबर पद्धतीत लोह उत्प्रेरक असते आणि त्यात मिसळलेले अल्पसे पोटॅशियम संयुग त्याची क्रियाशीलता वाढवते.