पंचशीलातील पाचवे शील

धर्म मनुष्याच्या अंतःकरणावर अधिकार सांगतो, हे सर्वमान्य आहे. परंतु तो त्याच्या ताटावर व पेल्यावरही अधिकार का सांगतो, याचा विचार क्वचितच होतो. नागपुरात आमच्या रामदासपेठेपासून जवळच असलेली दीक्षाभूमी या प्रश्नाचे एक उत्तर देते. ता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीस, तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिशरण व पंचशील ग्रहण केले, आणि नंतर स्वतः आपल्या लक्षावधी अनुयायांस बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतील सतरावी मद्यत्यागाची आहे.

तुलनेसाठी अमेरिकेकडे पाहावे. ता. २७ फेब्रुवारी १८३३ रोजी ओहायो संस्थानातील कर्टलंड गावी मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी मद्य, तंबाखू व उष्ण पेये वर्ज्य सांगितली. उष्ण पेये म्हणजे चहा व कॉफी, असा अर्थ पुढे रूढ झाला. आरंभी हा केवळ हितोपदेश होता, आज्ञा नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र त्याचे पालन केल्यावाचून मंदिरप्रवेश मिळेनासा झाला.

आधी उपदेश व मागाहून बंधन, हा क्रम आपल्याकडेही दिसतो. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस व उष्टे अन्न सोडण्याचा उपदेश केला होता. मेलेली गुरे ओढण्याचे काम गावगाड्याने महारांवर लादले, आणि त्याच कामाकडे बोट दाखवून त्यांस हीन ठरविले. म्हणून महाडचा त्याग हा आरोग्याचा नियम नव्हे, तर लादलेल्या हीनत्वाचा अस्वीकार होय.

परंतु साम्य येथेच संपते. मॉर्मन वचनात देहाच्या आरोग्याचे अभिवचन आहे. जातिधर्माच्या सोवळ्यात विटाळाचे भय आहे. पंचशीलातील पाचव्या शीलाने मात्र मद्य वर्ज्य केले ते प्रमादास, म्हणजे बेसावधपणास, कारण होते म्हणून. बावीस प्रतिज्ञांत मांसाशनाच्या निषेधाची स्वतंत्र प्रतिज्ञा नाही, ही गोष्ट वाचकांनी या दृष्टीने ध्यानात घ्यावी. अमुक पदार्थ शुद्ध की अशुद्ध, हा तेथे प्रश्नच नाही. मनुष्याची बुद्धी जागी राहते की नाही, एवढाच प्रश्न आहे.

मध्यप्रांत-वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा १९३८ सालीच झाला होता. परंतु कायदा वरून येतो. प्रतिज्ञा घेणाऱ्यास ती स्वमुखाने उच्चारावी लागते. ज्यांनी काय खावे व कोठे पाणी प्यावे हे शतकानुशतके इतरांनी ठरविले होते, त्यांनी आपणास काय वर्ज्य आहे हे त्या दिवशी स्वतः सांगितले. दीक्षाभूमीवरील मद्यत्यागाचे ऐतिहासिक महत्त्व यात आहे.