जुलमी संसारातून सुटकेचा हक्क : १९३९ ते २००५

मुस्लिम स्त्रीला तलाक दिला जातो, ती स्वतः विवाहातून मुक्त होऊ शकत नाही, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

हिंदुस्थानातील बहुसंख्य मुसलमान हनफी फिकहचे अनुयायी. या मताप्रमाणे पतीचा छळ किंवा खर्चपाणी न देणे हे विवाह रद्द करण्यास पुरेसे कारण नव्हते. धर्मत्यागाने मात्र विवाह तुटत असे. परिणामी पंजाबात काही स्त्रियांनी केवळ सुटकेसाठी धर्म सोडला. डॉ. मुहम्मद इक्बाल यांनी आपल्या व्याख्यानांत या प्रकाराकडे लक्ष वेधले. मौलाना अशरफ अली थानवी यांनी ‘अल-हीलतुन नाजिजा’ या ग्रंथात मालिकी मताचा आधार घेण्याची वाट दाखविली. काझी मुहम्मद अहमद काझमी यांनी १९३६ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक मांडले आणि १९३९ मध्ये मुस्लिम विवाह विच्छेद कायदा संमत झाला. म्हणजे ही सुधारणा उलेमांच्या विचारमंथनातूनच आली.

या कायद्याने दोन वर्षे निर्वाह न करणे, चार वर्षे बेपत्ता असणे यांबरोबर क्रूरता हे कारण मान्य केले. क्रूरतेत नित्याची मारहाण येतेच. पण शारीरिक इजा नसतानाही जिणे असह्य करणारे वर्तन, पत्नीची मालमत्ता विकून टाकणे, तिच्या धर्माचरणात अडथळा आणणे हेही येते. मेहेरचा हक्क कलम ५ने अबाधित राखला.

तथापि हा कायदा विवाहातून सुटका देतो. दावा चालू असताना स्त्रीने राहावे कोठे, याचे उत्तर त्यात नाही. १९८३ मध्ये पतीकडून होणारा छळ भारतीय दंडविधानात कलम ४९८-अ अन्वये गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ने घेतली आहे. निवाऱ्याचा प्रश्न २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने हाती घेतला. तो २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला व सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. घर पतीच्या नावावर असले तरी पत्नीला तेथे राहण्याचा हक्क आहे. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत ठेवावयाची असते. संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. यासाठी तलाक घ्यावा लागत नाही, आणि १९३९चे हक्कही कमी होत नाहीत.

विद्यार्थिनी घरातील मारहाण अनेकदा प्रथम शिक्षिकेलाच सांगते. तिला केवळ सब्र करण्याचा सल्ला देणे हे या इतिहासाचे अज्ञान ठरेल.