बाहुलीचा फ्रॉक कुणी शिवला?



मार्गशीर्ष लागला की आपल्या म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो. गुलाल-खोबरं उधळलं जातं, चांगभलंचा गजर होतो, आणि देवाचं दर्शन झालं की पोरं आपल्याला ओढत नेतात ती खेळण्यांच्या पालांकडं. मागच्या जत्रेत आमच्या गटातल्या एका आज्जीचा नातू असाच अडून बसला. पिपाणी नको, फुगा नको, त्याला ते निळं गोल मांजरच पाहिजे. टीव्हीवर बघितलेला डोरेमॉन. आज्जीनं घासाघीस करून घेऊन दिला आणि पालवाल्याला विचारलं, "हे मांजर कुठल्या गावचं रं?" त्याला काय सांगता येईना.

पुढच्या मीटिंगला वसुली झाली, सह्या झाल्या, आणि हाच विषय निघाला. हसून हसून पुरेवाट झाली. पण प्रश्न काही वाईट नव्हता. आमच्यातल्या ज्यांनी बी.ए.ला इतिहास घेतला होता, त्यांच्या गळ्यात ते काम पडलं. तर मांजराचं गाव आहे जपान. १९६९ साली तिथल्या मुलांच्या मासिकांत ते पहिल्यांदा चित्रकथेतून आलं. आणि आजही जगभरातून लोक खेळणी घ्यायला जपानच्या राजधानीत, टोकियोत जातात. लहानांसाठी घेतात, आणि मोठी माणसं स्वतःसाठीही घेतात. त्या बाजाराची गोष्ट वाचता वाचता आमची आपलीच एक जुनी जखम उघडी पडली. ते पुढं सांगतो.

टोकियोचा जुना खेळण्यांचा बाजार आहे आसाकुसा भागात, आणि तो आहे देवळाच्या दारात. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पुण्यात तुळशीबागेच्या राममंदिराभोवती भातुकली, बाहुल्या, बांगड्यांचा बाजार बसला तो असाच. आसाकुसाचं देऊळ आहे कान्नोनचं, नाव सेन्सो-जी. इ.स. ६२८ मध्ये दोन कोळी भावांच्या जाळ्यात नदीत मूर्ती सापडली, अशी तिथली कथा. हा कान्नोन म्हणजे आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांत दिसतो तो अवलोकितेश्वर बोधिसत्त्व. इथून चीनला गेला, तिथून पुढं जपानला, आणि जाता जाता त्याचं रूप आईसारखं झालं. लोक तिच्याकडं मुलाबाळांसाठी मागणं मागतात.

देवळाकडं जाणारी अडीचशे मीटरची गल्ली आहे, नाकामिसे तिचं नाव. दोन्ही अंगाला मिळून नव्वदेक दुकानं. सतराव्या शतकाच्या अखेरीस देवळाच्या आवाराची झाडलोट करणाऱ्या आसपासच्या लोकांना त्या बदल्यात इथं दुकान मांडायची परवानगी मिळाली, तिथून ही गल्ली सुरू झाली. म्हणजे झाडू मारणाऱ्यांचा बाजार म्हणा. आम्हाला हे फार आवडलं.

त्या गल्लीत १८६६ सालापासूनचं एक दुकान आहे, सुकेरोकु नावाचं. तिथं मिळतात बोटाच्या पेराएवढी खेळणी. त्यांच्या भाषेत त्यांना दाण्याएवढी खेळणी म्हणतात. इतकी बारीक का? अठराव्या शतकात तिथल्या सरकारनं काटकसरीचे कायदे केले. मोठी, भपकेदार खेळणी आणि बाहुल्या करायच्या नाहीत असा हुकूम काढला. मग कारागिरांनी खेळणीच लहान केली आणि सगळी कला त्यात ओतली. सरकारला म्हणायला जागा नाही आणि धंदाही बंद नाही. त्यातला कागदाच्या लगद्याचा कुत्रा प्रसिद्ध आहे. कुत्रीचं बाळंतपण सोपं होतं, म्हणून गरोदर बाईला किंवा तान्ह्या बाळाच्या घरी तो भेट द्यायचा. आपल्याकडं नवसाचा पाळणा वाहतात, तसाच हा प्रकार. खेळणं आणि नवस यांच्यात पूर्वी फार अंतर नव्हतंच. आपल्या बेंदराचे मातीचे बैल बघा ना. सकाळी पूजेला आणि दुसऱ्या दिवशी पोरांच्या हातात.

आता जरा पुढं येऊ. विसाव्या शतकात जपाननं खेळणी परदेशी विकायला सुरुवात केली. स्वस्त पत्र्याच्या चावीच्या गाड्या आणि सेल्युलॉइडच्या बाहुल्या. सेल्युलॉइड म्हणजे प्लॅस्टिकच्या आधीचं प्लॅस्टिक, आणि ते करायला कापूर लागतो. हो, आपण आरतीला लावतो तोच. कापराची झाडं तैवान बेटावर भरपूर होती आणि ते बेट १८९५ पासून जपानच्या ताब्यात होतं. म्हणून बाहुल्या स्वस्त. पण कापूरच तो, ठिणगी पडली की बाहुली भडकायची. हा माल हिंदुस्थानातही येत होता. 'जपानी माल' म्हणजे दिसायला छान आणि टिकायला कच्चा, अशी जुन्या लोकांच्या बोलण्यात खूण होती. आज आपण 'चायना माल' म्हणतो ना, अगदी तसंच.

मग लढाई आली. १९३८ साली जपानमध्ये धातूची खेळणी करायला बंदी झाली, कारण पत्रा लढाईला पाहिजे. १० मार्च १९४५ च्या रात्री टोकियोवर बॉम्ब पडले. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं मेली. आसाकुसा भाग जळाला, कान्नोनचं देऊळही जळालं.

त्याच वर्षाच्या डिसेंबरातली गोष्ट. टोकियोचा एक जुना खेळणी कारागीर, मात्सुझो कोसुगे, लढाईमुळं क्योटोजवळच्या ओत्सु गावी जाऊन राहिला होता. अमेरिकन सैन्य आलं, त्यांच्या जीप रस्त्यावर फिरायला लागल्या, आणि सैन्यानं खाऊन टाकलेले डबे कचऱ्यात पडायला लागले. कोसुगेनं ते डबे गोळा केले, धुतले, कापले आणि त्या पत्र्याच्या छोट्या जीप केल्या. क्योटोच्या एका मोठ्या दुकानात दहा येनला एक अशा त्या ठेवल्या. लोकांनी उचलून नेल्या. ज्या देशात खायला नव्हतं, तिथं आईबापांनी पोरासाठी पत्र्याची जीप घेतली. दुष्काळी वर्षात जत्रेला आपण रिकाम्या हातानं गेलो, तरी पोराला एक भिरभिरं घेतलंच की नाही? आम्हाला तर ती रांग डोळ्यापुढं दिसते.

जपानची खेळणी पुन्हा परदेशी जायला लागली. १९४७ ते १९५२ या काळात त्यातल्या पुष्कळ मालावर 'ताब्यात असलेल्या जपानमध्ये बनवलेले' अशा अर्थाचा छाप असायचा. त्या छापाची खेळणी आज संग्रह करणारे मुद्दाम शोधतात. ज्या शिक्क्याची तेव्हा लाज वाटली असेल, त्याच शिक्क्यानं आता किंमत वाढते.

आणि आता ती बाहुली. बार्बी तुम्ही बघितली असेल, निदान तिची नक्कल तरी. कमरेत बारीक, सोनेरी केसांची. अमेरिकेतल्या रूथ हँडलर या बाईची ती कल्पना. मार्च १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा मांडली, किंमत तीन डॉलर. पहिल्या वर्षात साडेतीन लाखांच्या आसपास बाहुल्या खपल्या. अमेरिकेची बाहुली म्हणून जग तिला ओळखतं. पण ती बनली होती जपानमध्ये. तिचे कपडे ठरवायला शार्लट जॉन्सन नावाची जाणकार बाई टोकियोत येऊन राहिली होती. साडेअकरा इंचाच्या बाहुलीचा फ्रॉक, त्याला अस्तर, इवलीशी चेन, मोहरीएवढी बटणं. हे मशीनवर कोण शिवणार? शिवलं जपानी बायकांनी. घरी बसून, हातानं.

तिथं या घरबसल्या कामाला नाइशोकु म्हणतात. नाइ म्हणजे आतलं, शोकु म्हणजे काम. नगावर पैसे. पोरं शाळेत गेली की सुई-दोरा घ्यायचा, संध्याकाळी स्वयंपाकाला उठायचं, रात्री परत बसायचं. बाहुल्यांचे डोळे रंगवायचे, केस बसवायचे, कपडे शिवायचे. जपानच्या खेळण्यांच्या धंद्याला या बायकांच्या हाताचा मोठा आधार होता. पुढं जपानमध्ये मजुरी वाढली तसं हे काम हाँगकाँग, तैवानकडं सरकलं आणि तिथून आणखी पुढं. काम स्वस्त हात शोधत फिरत राहतं.

त्या पहिल्या बार्बीला, पेटीसकट आणि कपड्यांसकट चांगली राहिली असेल तर, आज संग्राहक हजारो डॉलर मोजतात. फ्रॉकची शिलाई बारकाईनं बघतात, चेन मूळचीच आहे का ते तपासतात. कंपनीचं नाव सगळ्यांना माहीत. शिवणारीचं नाव कुठंच नाही.

इथं आम्ही वाचायचं थांबलो. कारण चार वर्षांपूर्वी आम्ही हेच केलं होतं. शहरातल्या एका व्यापाऱ्यानं आमच्या गटाला कापडी बाहुल्यांची ऑर्डर दिली होती. नऊवारी नेसलेली, कुंकू लावलेली बाहुली. कापड त्याचं, मेहनत आमची, नगाला अकरा रुपये. चौदा जणींनी दोन महिने शिवल्या. इवल्या काष्ट्याच्या निऱ्या घालायला किती वेळ लागतो ते करणारीलाच माहीत. आम्ही खूश होतो, खोटं कशाला बोला. पुढं आमच्यातली एक शहरात प्रदर्शनाला गेली, तर तीच बाहुली तिथं, एकशे ऐंशी रुपयाला, वर व्यापाऱ्याचं लेबल. तिनं हातात घेतली, उलटी केली, आणि आतली टीप बघून ओळखलं की ही आपल्या शेजारणीची. ती परत आली ते घुश्शातच. कुणी म्हणालं, त्याचाही खर्च असतो, दुकानभाडं, गाडीभाडं. ते खरंच आहे. पण बाहुलीवर 'म्हसवड' एवढं लिहायला काय जात होतं?

टोकियोच्या दुसऱ्या टोकाला नाकानो म्हणून भाग आहे. तिथं १९६६ साली बांधलेल्या एका मोठ्या इमारतीत १९८० साली मांदाराके नावाचं जुन्या चित्रकथांचं लहानसं दुकान निघालं. आता ते वाढून मजल्या-मजल्यांवर पसरलंय आणि त्यात जुनी खेळणीही मिळतात. काचेच्या कपाटात पत्र्याच्या गाड्या, रबरी राक्षस, १९६७ सालची लिक्का नावाची जपानी बाहुली. घेणारे पुष्कळदा मोठी माणसं. लहानपणी जे हरवलं किंवा जे मिळालंच नाही, ते पैसे हाती आल्यावर घेतात. पेटी शाबूत असेल तर भाव जास्त, म्हणजे ज्या खेळण्याशी कुणी खेळलंच नाही ते सगळ्यात महाग. आमच्या आज्जीबाईंना हे काही केल्या पटलं नाही.

पण आपण काय केलं? पितळेची भातुकली बोहारणीला दिली आणि त्यावर स्टीलचं पातेलं घेतलं. अडकित्ते, समया, वज्री मोडीत घातल्या. पुण्यात दिनकर केळकरांनी अशाच घरगुती वस्तू जन्मभर गोळा केल्या, पत्नी कमलाबाईंच्या साथीनं, आणि लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं संग्रहालय केलं. सहल काढाल तेव्हा बघून या. आपल्या आज्या-पणज्यांचं माजघर तिथं काचेमागं आहे.

आणि खेळण्याला गावाचं नाव कसं लागतं ते बघायचं तर सावंतवाडी. तिथली चितारआळी लाकडी खेळण्यांसाठी ओळखली जाते. हलक्या लाकडाची फळं, बाहुल्या, भातुकली, वर लाखेचा रंग. फळं इतकी हुबेहूब की हातात घेतल्यावर कळतं. हातानं रंगवलेले गोल गंजिफा पत्तेही तिथलेच. दशावतारी गंजिफात १२० पत्ते असतात. ही कला जवळजवळ बुडाली होती. पुंडलिक चितारी हे म्हातारे कारागीर तेवढे उरले होते. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी त्यांच्याकडून स्वतः शिकले आणि राजवाड्यातच कारागीर बसवले. राणीनं शिकून ब्रश हातात घेतला, हे आम्हाला राजवाड्यापेक्षा मोठं वाटतं. आज गिऱ्हाईक 'सावंतवाडीचं खेळणं' असं नावानं मागतं. कारागिराचं नाव नसलं तरी निदान त्याच्या आळीचं आहे.

तर यंदाच्या जत्रेत आमच्या गटाचं पाल आहे. भांडवल गटाच्या बचतीतून तीन हजार घेतलंय, व्याजासकट परत करायचंय. कापड म्हणजे शिंप्याकडची कातरणं आणि जुन्या साड्या. नऊवारीवाली बाहुली, घोंगडी पांघरलेला मेंढपाळ आणि बोटाएवढा बैल, तो दाण्याएवढ्या खेळण्यांवरून सुचला. बाहुली नव्वद रुपयाला ठेवायची का शंभरला, यावर अजून वाद चालू आहे. लेबलचा वाद मात्र मिटला. आधी फक्त गटाचं नाव टाकायचं ठरलं होतं. मग ती शेजारणीची टीप ओळखणारी उठली आणि म्हणाली, शिवणारीचं नाव टाका, आडनाव नको असलं तर नको. म्हणून आता प्रत्येक बाहुलीच्या परकराच्या आत, काठाला, रंगीत दोऱ्यानं एकेक नाव टाचतोय. दोघींना सही करता येत नव्हती. त्यांनी आधी कागदावर गिरवलं, मग कापडावर.

निळ्या मांजराचं पाल आमच्या शेजारीच लागणार आहे, असं कळलंय. जत्रेला याल तेव्हा या, आणि घरात जुनी काठाची साडी फाटून पडली असेल तर बोहारणीला देऊ नका, आमच्यासाठी घेऊन या.