६४ पिक्सेलांचा वंश

विरार पश्चिमेला बोळिंजमधल्या म्हाडाच्या घरासाठी अर्ज आता ऑनलाइन भरावा लागतो. मोबाइलवर कागदपत्रे अपलोड करताना ज्याच्याशी गाठ पडते तो जेपीजी फॉरमॅट १९९२ मध्ये प्रमाणित झाला. त्याच्याहून कमी केबीत तेच चित्र बसवणारे अनेक फॉरमॅट नंतर आले, तरी तो हटला नाही. या फॉरमॅटांचे कूळ तपासले तर एक गोष्ट लक्षात येते: वेबवर कोण टिकणार हे चित्र किती दाबले जाते यापेक्षा ते कुणालाही, कुणाच्या परवानगीविना उघडता येते का, यावर ठरते.

या कुळाचे मूळपुरुष बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना १९७२ मध्ये त्यांनी डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्मच्या अभ्यासासाठी अनुदान मागितले. नॅशनल सायन्स फाउंडेशनने ते नाकारले. काम मात्र थांबले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये निबंध प्रसिद्ध केला आणि ते गणित सर्वांच्या हाती आले. जेपीजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलांचे चौकोन पाडतो, प्रत्येक चौकोन याच गणिताने ठळक व बारीक चढउतारांची बेरीज म्हणून मांडतो आणि डोळ्याला फारसे न जाणवणारे बारीक चढउतार ढोबळ करून टाकतो. वेबपी (२०१०) आणि एव्हिफ (२०१९) यांनी चौकोनांची मापे बदलली, शेजारच्या भागावरून अंदाज बांधण्याची रीत जोडली. गाभा त्याच घराण्याचा राहिला.

जेपीईजी २००० या फॉरमॅटने वेव्हलेट या वेगळ्या गणिताचा मार्ग धरला. दर्जा सरस असूनही गणनेचा भार आणि पेटंटची धास्ती यांमुळे सफारीखेरीज प्रमुख ब्राउझरांनी तो घेतला नाही. आधारच्या सुरक्षित क्यूआर कोडमध्ये मात्र फोटो त्याच फॉरमॅटमध्ये असतो, कारण तिथे लिहिण्याचे आणि वाचण्याचे नियम एकच संस्था ठरवते. वेबवर तशी संस्था नसते. जिफ फॉरमॅटमधल्या एलझेडडब्ल्यू या दाबण्याच्या पद्धतीवर युनिसिस कंपनीने १९९४ मध्ये पेटंटचा हक्क पुढे केला, तेव्हा पर्याय म्हणून मुक्त पीएनजी फॉरमॅट जन्माला आला. जेपीजीवरही २००२ मध्ये फोर्जंट कंपनीने पेटंटचा दावा केला होता, असा आक्षेप घेता येईल. पण तोवर जेपीजी सर्वत्र रुजला होता आणि २००६ पर्यंत त्या दाव्यातला जोर ओसरला. मोकळेपणावर घाला आला की वेब त्याचा प्रतिकार करते, हेच दोन्ही प्रसंगांतून दिसते.

मग ज्याचा डेटा पॅक रोज संपतो, त्याला लहान फाइल नको का? हवीच, आणि ती देणे संकेतस्थळाचे कर्तव्य आहे. एकाच पानावर आधी एव्हिफ, मग वेबपी आणि शेवटी जेपीजी असा क्रम लावता येतो. ब्राउझर आपल्याला उघडता येईल ते उचलतो. मूळ फोटो मात्र जपून ठेवावा, कारण दाबताना गेलेला तपशील परत येत नाही. लहान फाइल आजच्या वाचकासाठी असते; सर्वांना उघडता येणारी मूळ प्रत पुढच्या पिढ्यांसाठी.