तट्टू, शिलेदार आणि चालीचा हिशेब

पुसदहून उमरखेडमार्गे नांदेड गाठले आणि पुढे लातूरच्या रस्त्याला लागले, की लोहा तालुक्यातले माळेगाव येते. मार्गशीर्षात इथे खंडोबाची मोठी यात्रा भरते आणि तिच्यात घोड्यांचाही बाजार असतो. गिऱ्हाईक घोड्याभोवती फिरून काय पाहते? आधी रंग: कुमैत, अबलख, सबजा. चारही पाय आणि तोंड पांढरे असेल तर तो पंचकल्याणी, त्याचा भाव वेगळा. मग भोवरे. गळ्यावरचा देवमण शुभ. काही भोवरे मात्र इतके अशुभ मानलेले, की त्यांच्यापायी चांगले जनावरसुद्धा दावणीला तसेच राहते. एवढे सगळे झाल्यावर कोणीतरी म्हणते, जरा चालवून दाखवा.

आम्हाला हा क्रम उलटा वाटतो. भोवरे अगदीच निरुपयोगी आहेत असे नाही. ते जन्मभर बदलत नाहीत आणि प्रत्येक घोड्यात वेगळ्या जागी असतात, म्हणून घोड्याच्या ओळखपत्रावर आजही त्यांची नोंद करतात. पण ओळख पटणे निराळे आणि गुण कळणे निराळे. घोड्याचा गुण त्याच्या पायांत असतो, आणि कोणते पाय चांगले हे त्याला कोणत्या कामाला जुंपायचे यावर ठरते.

पारखीचे शास्त्र आपल्याकडे जुने आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात घोड्यांची पारख आणि शिक्षण यांचा विचार आहे. अमरकोशात घोड्याच्या पाच गती नोंदवल्या आहेत: आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित, प्लुत. पण दख्खनच्या राजांची अडचण अशी, की उंचापुरा अरबी घोडा समुद्रापलीकडून आणावा लागे. तो महाग पडे. 1510 नंतर गोवा हाती आल्यावर पोर्तुगीजांनी या व्यापारावर पकड बसवली. साध्या स्वाराला असा घोडा परवडणे शक्यच नव्हते. त्याच्याजवळ असे ते इथलेच तट्टू. भीमा-नीरेच्या खोऱ्यात अशा तट्टांत बाहेरचे रक्त मिसळत गेले आणि त्या भागावरूनच ‘भीमथडी’ हे नाव पडले.

ठेंगणे शरीर, रुंद छाती, आखूड पाठ, मजबूत नळ्या, कठीण खूर. राजाच्या मिरवणुकीत हे तट्टू उठून दिसणार नाही. मग त्याच्यावर फौज कशी उभी राहिली?

याचे पहिले उत्तर वर्गात दोन ठोकळ्यांनी देता येईल. एका घनाची बाजू 1 सेंटिमीटर, दुसऱ्याची 2 सेंटिमीटर घ्या. दुसऱ्याचे आकारमान आठपट होते, पृष्ठफळ मात्र चौपटच. उष्णता शरीरात तयार होते आणि कातडीवाटे बाहेर पडते. म्हणजे वजनाच्या मानाने कातडी जास्त असलेले लहान जनावर उन्हात लवकर निवते. शिवाय त्याला एकूण वैरण कमी लागते, आणि दख्खनमध्ये खरी लढाई पुष्कळदा वैरणीशीच असे. चिपळूणजवळ छावणीत असलेल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल, असा त्याचा रोख आहे. उंदराने जळती वात पळवली तर गवताला आग लागेल, इथपर्यंत काळजी त्या पत्रात आहे. घोडा हा हिशेबाचा विषय होता, तो असा.

मराठी घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगीराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. लढाईत घोडा मेला तर शिलेदाराची भाकरीच जात असे. त्यामुळे त्याच्या लेखी उत्तम घोडा म्हणजे सर्वांत वेगवान घोडा नव्हे. रोज मजल मारून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहील, कडब्यावर भागवील आणि खडकाळ घाटात लंगडणार नाही, तो उत्तम. अशा घोड्यांवरच मराठी फौजा 1758 साली अटकेपर्यंत गेल्या.

आता चालीकडे येऊ. मुलांना बाकावर बोटांनी टापा वाजवायला सांगा. साध्या चालण्यात चार सारख्या टापा पडतात: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. दुडकीत तिरके पाय जोडीने पडतात, म्हणजे डावा पुढचा आणि उजवा मागचा एकदम, मग उलट जोडी. टापा दोनच; आणि दोन टापांच्या मधे घोडा क्षणभर अधांतरी असतो, म्हणून स्वार उसळतो. रेवाळ चालीत एका बाजूचे दोन पाय लागोपाठ पडतात. पुन्हा चार टापा, पण जलद, आणि एखादा पाय नेहमी जमिनीवर टेकलेला. स्वार जवळजवळ हलत नाही. दिवसभर खोगिरावर बसणाऱ्या माणसाला ही चाल किती मोलाची, ते सांगायला नको. अशी चाल काही घोड्यांना जन्मतःच येते. 2012 साली आइसलँडच्या घोड्यांवरील संशोधनातून दिसले, की त्यामागे एका जनुकातील अगदी लहानसा बदल आहे.

भरधाव घोडा चारही पाय एकदम उचलतो का, यावर युरोप-अमेरिकेत बराच वाद होता. 1878 साली मायब्रिज या छायाचित्रकाराने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून तो मिटवला. उचलतो, पण पाय पुढेमागे ताणलेले असताना नव्हे, जसे चित्रकार शतकानुशतके काढत आले होते, तर पोटाखाली गोळा झालेले असताना! आणखी एक प्रयोग 1981 सालचा. फिरत्या पट्ट्यावर लहान घोडे चालवून ते किती ऑक्सिजन वापरतात हे हॉइट आणि टेलर यांनी मोजले. प्रत्येक चालीचा एक स्वस्त वेग असतो, आणि मोकळा सोडलेला घोडा नेमका तोच निवडतो, असे आढळले. लगाम सैल सोडून लांबची मजल मारणाऱ्या स्वाराला अनुभवाने हेच कळलेले असणार.

इथे पुसदचा संबंध येतो. ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या कंपनीच्या अधिकाऱ्यांखालील फौजेचा खर्च निजामाकडे थकला, म्हणून 1853 च्या तहाने त्याला वऱ्हाड कंपनीकडे सोपवावे लागले. वऱ्हाडच्या शेतसाऱ्यातून या फौजेचे घोडे पोसले जाऊ लागले. पैनगंगेपलीकडे हिंगोलीला तिची मोठी छावणी होती. स्वतःचा घोडा आणणाऱ्या शिलेदाराची पद्धत इंग्रजांनीही चालू ठेवली. नाव तेवढे ‘सिल्लेदार’ असे इंग्रजी वळणाचे झाले. याच घोडदळाच्या वंशातली ‘डेक्कन हॉर्स’ पलटण आज भारतीय लष्करात रणगाडे चालवते.

पण घोड्याचा आदर्श मात्र बदलला. 1818 नंतर मराठी फौजा मोडल्या आणि भीमथडी तट्टांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक गेले. इंग्रजी लष्कराला उंच घोडा हवा होता, म्हणून ऑस्ट्रेलियाहून ‘वेलर’ जहाजांतून येऊ लागले. त्यांच्या मापपट्टीपुढे दख्खनी तट्टू कमी भरले. तट्टू तेच होते, मोजणारा बदलला होता. विसाव्या शतकात तर ही जात संपली असेच अनेकांनी धरून चालले.

ती संपली नव्हती. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या भागांतल्या धनगरांच्या वाड्यांबरोबर ती चालत होती. मेंढरांमागे मैलोन्‌मैल जाताना भांडीकुंडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे आणि कधी घरातले लेकरूही तिच्याच पाठीवर असते. 2024 च्या सुरुवातीला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. त्याआधी नोंदलेल्या भारतीय अश्वजातींत मारवाडी, काठेवाडी, मणिपुरी यांसारखी नावे होती. महाराष्ट्राचे एकही नव्हते.

नोंद झाली, की जातीची लक्षणे ठरतात, आणि खरी काळजी तिथेच आहे. आज बाजारात भाव आहे तो उंच, कानांची टोके एकमेकांना भिडलेल्या, वरातीत नाचणाऱ्या घोड्याला. तीच मापे भीमथडीला लावली, तर तिची उंची वाढवण्यासाठी मारवाडी घोडा दाखवला जाईल. दोन-तीन पिढ्यांत नाव भीमथडीचे उरेल. खूर, नळ्या आणि थोडक्यात भागवणारे पोट राहील याची खात्री नाही. लक्षणे ठरवायची तर ओझे घेऊन वाड्यामागे चालणाऱ्या घोडीवरून ठरवावी लागतील. आणि त्यासाठी घाई केलेली बरी, कारण काही वाड्यांचे बिऱ्हाड आता टेम्पोतून पुढच्या मुक्कामाला जाते.