चार प्रहर : साल्हेरच्या वाटेवर एकट्याने

आजचा भाग म्हणजे खरं तर एक दुरुस्ती आहे.

साल्हेरच्या लढाईवर मागे आपण एक भाग केला होता. अनेकांना तो आवडला. त्यात मी प्रतापरावांच्या घोडदळाचं रंगवून वर्णन केलं होतं, आणि बोलण्याच्या ओघात 'गडाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत रणकंदन माजलं' असंही ठोकून दिलं होतं. काही दिवसांनी सटाण्याकडच्या एका श्रोत्याचा निरोप आला. फार सभ्य निरोप होता. एवढंच विचारलं होतं : "सर, तुम्ही साल्हेर चढला आहात का?"

नव्हतो चढलो. राजगड, रायगड, प्रतापगड कितीतरी वेळा झाले. पण साल्हेर पडतो पार नाशिक जिल्ह्याच्या टोकाला, बागलाणात, गुजरातच्या डांगाला लागून. पुण्यामुंबईहून सहज उठून जाण्यासारखा तो नाही. मी पुस्तकं वाचून बोललो होतो. म्हणून या फेब्रुवारीत गेलो, आणि एकटाच गेलो. महिना मुद्दाम निवडला, कारण लढाई १६७२ च्या फेब्रुवारीतली. गवत तसंच वाळलेलं असणार, ऊन तसंच असणार.

आधी थोडी पार्श्वभूमी. ज्यांनी तो भाग ऐकला आहे त्यांनी दोन मिनिटं सोसावं.

बागलाण म्हणजे सुरत आणि दख्खन यांच्या मधला डोंगराळ मुलूख. बंदरावर उतरलेला माल आत यायचा तर या भागातल्या वाटांना पर्याय फार कमी. इथं बागुल राजे पिढ्यान्‌पिढ्या राज्य करत होते. मुल्हेर आणि साल्हेर हे त्यांचे बळकट गड. अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'त या दोन गडांच्या मजबुतीची नोंद आहे. तिथंच इथल्या फळांचंही कौतुक आहे, आणि त्यात डाळिंब आहे. आज सटाण्याहून गडाकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा लागतात, तेव्हा ती नोंद आठवून गंमत वाटते. १६३८ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना बागलाण मोगलांकडे गेलं.

पुढे १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली. परतताना वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाशी लढाई झाली. आणि १६७१ च्या जानेवारीत महाराजांनी साल्हेर घेतला. म्हणजे सुरतेच्या वाटेवर नजर ठेवणारा सर्वांत उंच गड मराठ्यांच्या हातात आला. मोगलांना हे परवडणारं नव्हतं. वर्षअखेरीस साल्हेरला वेढा पडला. बहादूरखान आणि दिलेरखान पुढे निघून गेले आणि वेढ्याचं काम इखलासखानाकडे राहिलं. मग मराठी फौजा आल्या आणि तो वेढा मोडला. इतकं आपण सांगितलं होतं.

आता वाट.

पहाटे वाघांबे गावातून निघालो. साल्हेर आणि शेजारचा सालोटा यांच्या मधल्या खिंडीत इथून वाट चढते. एका घराच्या ओट्यावर एक आजोबा शेकोटीशी बसले होते. त्यांनी विचारलं, "एकटेच?" मी म्हटलं, हो. "पाणी किती?" चार लिटर. त्यांनी माझ्या पाठपिशवीकडे पाहिलं, मग वर डोंगराकडे पाहिलं आणि म्हणाले, "उतरताना अंधाराच्या आत खिंड सोडा. वाट गवतात दिसत नाही." मी त्यांना सांगून ठेवलं की संध्याकाळी इथंच येऊन भेटेन. एकट्याने जाणाऱ्याने एवढं तरी करावं.

आजोबांनी उतरताना सांगितलेली गोष्ट माझ्यावर चढतानाच आली. खिंडीच्या खाली दोन ढोरवाटा फुटतात. मी ठसठशीत दिसणारी धरली आणि पाऊण तास आडवा चालत राहिलो. गवत कमरेएवढं, खाली मुरमाड घसारा. एका ठिकाणी पाय सुटला आणि दोन-तीन पुरुष खाली घसरत गेलो. लागलं काही नाही, तळहात सोलवटले. पण उठून बसल्यावर लक्षात आलं की मोबाइलला रेंज नाही, हाका मारली तर ऐकायला कुणी नाही, आणि पाण्याची पहिली बाटली संपलेली आहे. छातीत धडधडत होतं. परत फिरलो, वाट शोधली आणि खिंडीत पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.

हे सांगतोय ते माझं शौर्य म्हणून नव्हे. त्या घसाऱ्यावर बसलेलो असताना सभासद बखरीतला एक शब्द डोक्यात आला, ज्याच्यावरून मी आजवर सरळ पुढे गेलो होतो. तो शब्द म्हणजे 'हशम'.

कृष्णाजी अनंत सभासदाने ती बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली. साल्हेरच्या लढाईचा बेत तो असा सांगतो : प्रतापरावांनी लष्कर घेऊन वरघाटाने यावं, आणि मोरोपंत पेशव्यांनी हशमांनिशी कोकणातून यावं. दोघांनी दोन बाजूंनी शत्रूला गाठावं. लष्कर म्हणजे इथं घोडदळ. हशम म्हणजे पायदळ. पायी चालणारी माणसं.

कोकणातून बागलाण! सह्याद्रीचा घाट चढायचा, मग एकामागून एक डोंगररांगा ओलांडत उत्तरेला यायचं. मी पाठीवर चार लिटर पाणी, दोन पोळ्या आणि चिक्की घेऊन पाऊण तास भलतीकडे गेलो तर माझी ही अवस्था झाली. त्या माणसांकडे ढाल होती, तलवार, भाला नाहीतर बंदूक होती, आणि शिदोरी होती. आणि इतकं चालून आल्यावर ते परत जाणार नव्हते, लढणार होते. माझ्या त्या भागात मी घोड्यांच्या टापांवर पाच मिनिटं बोललो होतो. या माणसांवर एक वाक्यसुद्धा नव्हतं.

खिंडीतून साल्हेरच्या अंगावर कातळात कोरलेल्या पायऱ्या लागतात. दरवाज्यांमागून दरवाजे येतात. मग कड्याच्या पोटातून एक लांबलचक आडवी वाट जाते. एका हाताला कातळ, त्यात खोदलेल्या गुहा, आणि दुसऱ्या हाताला दरी. या वाटेवर एका वेळी किती माणसं लढू शकतील? दोन, फार तर तीन. माझ्या 'पायथ्यापासून माथ्यापर्यंत'च्या रणकंदनाचा निकाल इथंच लागला. इथं हत्ती येत नाही, घोडा चढवणंही मुश्कील. मोठी लढाई झाली ती खाली, वेढा घालून बसलेल्या छावणीच्या मोकळ्या मुलखात. बखरीतही कुठं 'गडावर' म्हटलेलं नाही. ते मी माझ्या पदरचं घातलं होतं.

आडवी वाट संपली की पुन्हा दरवाजे, आणि मग गडाचा प्रशस्त माथा. समोर गंगासागर तलाव, जवळ रेणुकामातेचं स्थान, यज्ञकुंड, मुक्कामाला वापरतात त्या गुहा. फेब्रुवारीतही तलावात पाणी होतं. मी काठावर बसून माझ्या बाटल्या मोजल्या : दीड लिटर उरलं होतं. तेव्हा वेढा म्हणजे काय ते मला जरा कळलं. तटबंदी पाहून आपण म्हणतो गड बळकट. पण वरच्या शिबंदीला खरा आधार या पाण्याचा आणि कोठारातल्या धान्याचा. वेढा घालणाऱ्याला मात्र खाली हजारो जनावरांना रोज वैरण पुरवायची, रोज पाणी पाजायचं, आणि तेही अशा डोंगरांनी कोंडलेल्या मुलखात. गडावरच्यांनी टिकून राहायचं, आणि कुणीतरी बाहेरून येईल यावर विश्वास ठेवायचा. त्यांचं काम तेवढंच होतं, आणि ते सोपं नव्हतं.

तिथून शेवटची चढण. टोकावर परशुरामाचं छोटंसं मंदिर आहे. परशुरामाने इथूनच बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण मिळवलं, अशी कथा या भागात सांगतात. उंची १५६७ मीटर. कळसूबाई १६४६ मीटरचं; महाराष्ट्रात तिच्यानंतर हेच शिखर, आणि किल्ल्यांत तर पहिला नंबर साल्हेरचाच. मी पोचलो तेव्हा दीड वाजला होता. सगळ्या गडावर दुसरं माणूस नव्हतं.

वारा जोरात होता. समोर सालोटा, हात लांब केला तर लागेल असा. त्याच्यापलीकडे मुल्हेर, मोरा, हरगड एकमेकांना खेटून. मांगी-तुंगीचे दोन सुळके. पश्चिमेला डांगाचं जंगल धुरकट होत गेलेलं. आणि खाली, नखाएवढी शेतं आणि घरं.

बखरीत म्हटलं आहे की चार प्रहर लढाई झाली, आणि धुरळा असा उडाला की तीन कोसांच्या परिसरात आपला कोण, परका कोण ते दिसेना. हे वाक्य मी कितीदा तरी वाचलेलं होतं आणि नेहमी ते खाली लढणाऱ्याच्या डोळ्यांनी वाचलं होतं. वर बसल्यावर प्रथमच वाटलं, गडावरच्या शिबंदीला काय दिसलं असेल? नुसता धुरळा. आपली माणसं सोडवायला आलेली आहेत हे माहीत, आवाज येत असणार, तोफा ऐकू येत असणार, पण कोण जिंकतंय ते कळायला मार्ग नाही. असे चार प्रहर. म्हणजे उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा सगळा दिवस. मी पहाटे निघून दिवेलागणीला परत पोचणार होतो. माझा चढउतार जेवढा, तेवढीच ती लढाई.

संध्याकाळी धुरळा बसला तेव्हा वेढा मोडलेला होता. सभासद सांगतो की दोन्हीकडची मिळून दहा हजार माणसं पडली. हा आकडा मोजून लिहिलेला नाही, तो फार मोठ्या संहाराचा आकडा आहे असं समजावं. पाडाव झालेले हत्ती सव्वाशे, घोडे सहा हजार, असेही आकडे तो देतो. मोगलांकडच्या नोंदींत राव अमरसिंह चंद्रावत पडल्याचं आणि त्याचा मुलगा मोहकमसिंह इखलासखानाबरोबर जखमी होऊन कैद झाल्याचं येतं. आपल्याकडून सूर्यराव काकडे पडले. जंबुरक्याचा, म्हणजे उंटावरच्या लहान तोफेचा गोळा लागून. सभासदाने त्यांना भारतातल्या कर्णाची उपमा दिली आहे. खबर पोचल्यावर महाराजांनी तोफा करून साखरा वाटल्या, असंही तो सांगतो. आणि कैदेतल्या जखमींना उपचार करून सोडून दिलं.

हत्ती मोजले, घोडे मोजले, उंट मोजले. सरदारांची नावं राहिली. कोकणातून चालत आलेल्या हशमांपैकी एकाचंही नाव तिथं नाही. तसंच समोरच्या छावणीत माळव्यातून, राजपुतान्यातून, कुठून कुठून आलेल्या आणि या अनोळखी डोंगराखाली मेलेल्या माणसांचंही नाही. मी सभासदाला दोष देत नाही. त्याचं काम धन्याची कीर्ती सांगणं हे होतं. मोकळ्या मैदानात समोरासमोर मोगलांचा केलेला हा पहिला मोठा पराभव असं आपण म्हणतो, ते म्हणावंच. पण ते म्हणताना तोंडात फक्त दोन नावं यावीत, हे मला त्या टोकावर खटकलं.

अजून एक गोष्ट, जी विजयाच्या भागात आपण सांगत नाही. १६८७ च्या सुमारास साल्हेर पुन्हा मोगलांकडे गेला, आणि तो लढून नाही गेला. मुल्हेरच्या मोगल किल्लेदाराने साल्हेरच्या किल्लेदाराला फितवलं. ज्या गडासाठी खाली चार प्रहर माणसं मेली, तो बोलण्यात गेला.

अडीचला उतरायला लागलो. पायऱ्यांवर गुडघे बोलायला लागले. खिंड सोडली तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता, आणि आजोबा म्हणाले होते तसंच झालं, गवतात वाट दिसेना. पण सकाळी चुकलो होतो ते वळण आता ओळखीचं होतं. गावात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आजोबा ओट्यावरच होते. त्यांनी माझे तळहात पाहिले, आत हाक मारून पाणी मागवलं आणि म्हणाले, "फडकं हलताना दिसलं नाही, म्हणून थांबलो होतो." मी डोक्याला पांढरा पंचा बांधला होता. दुपारभर ते वर बघत होते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत साल्हेर आहे, आणि जिथं सभासदाने बखर लिहिली ती जिंजीही आहे. आता तिकडे गर्दी वाढेल. जरूर जा. पाणी भरपूर न्या, गावात कुणाला तरी सांगून जा, आणि शक्यतो माझ्यासारखं एकटं जाऊ नका.

तर दुरुस्ती अशी : साल्हेरची लढाई गडावर झाली नाही, गडाखाली झाली. आणि ती घोडदळाइतकीच पायदळाची होती. त्या जुन्या भागाच्या सुरुवातीला मी हे जोडलं आहे. सटाण्याच्या त्या श्रोत्यांना सांगतो, होय, आता चढलो आहे.

पुढच्या भागात मुल्हेर आणि बागुल राजे. भेटू या.